एकाच वाइनवर अख्खं जेवण: म्युस्कादेच्या नोंदी

१० मे

काम काय आहे ते आधी लिहून ठेवते. नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी घरी जेवण घालायचं आहे. माणसं दहा-बारा, निम्मी ऑफिसातली फ्रेंच, निम्मी इथली, फ्रान्समधल्या नांतची, आपली मराठी मंडळी. पहिल्या घोटापासून चीजपर्यंत टेबलावर फक्त म्युस्कादे, ही इथली पांढरी वाइन. बाटल्या वेगवेगळ्या असतील: गाव वेगळं, वर्ष वेगळं, टाकीत राहिल्याचा काळ वेगळा. द्राक्ष मात्र एकच आणि प्रदेशही एकच.

ही अट सुचली ऑफिसातल्या एका सहकाऱ्यामुळे. त्याच्या मते म्युस्कादे कालवांबरोबर प्यायची आणि उरली तर शिंपले शिजवताना पातेल्यात ओतायची. माणूस जन्मापासून नांतचा. गाडी काढली तर अर्ध्या तासात द्राक्षमळे, आणि पाहुणे आले की हा दुप्पट पैसे मोजून सांसेरची पांढरी वाइन आणतो. पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय.

ज्यांनी ही वाइन पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं. लुआर नदी अटलांटिकला मिळण्याआधी नांत शहर लागतं. शहराच्या दक्षिणेला सेव्र आणि मेन या दोन लहान नद्या आहेत. बहुतेक म्युस्कादे यांच्या आसपास पिकते, म्हणून लेबलवर ‘म्युस्कादे सेव्र-ए-मेन’ असं दिसतं. या नावाला कायद्याचं संरक्षण १९३६ पासून आहे. द्राक्षाचं नाव मलाँ द बुर्गोन्य. मस्कॅट या गोड वासाच्या द्राक्षाशी त्याचं काही नातं नाही. नातं आहे ते शार्दोनेशी. १९९९ साली डीएनए तपासणीतून कळलं की दोघांचे आईबाप तेच, पिनो आणि ग्वे ब्लाँ. म्हणजे सख्खी भावंडं. एकाने जग जिंकलं, दुसरं एका नदीकाठी राहिलं.

चव? लिंबाची साल, हिरवं सफरचंद, आणि मागे जिभेवर राहणारा किंचित खारेपणा. वास बेताचा. अल्कोहोल साधारण बारा टक्के. वास बेताचा असणं याला लोक दोष म्हणतात. जेवणाच्या टेबलावर मला तोच गुण वाटतो, आणि तसं दाखवून द्यायचं म्हणून हा खटाटोप.

२४ मे

नांतहून ट्राम-ट्रेनने क्लिसाँ. तिथून एका बागवाल्याकडे. घरचीच बाग, तिसरी पिढी, वय सत्तरीच्या पुढे.

तळघर बघायचं म्हणून गेले तर समोर लांबलचक, बुटकी, कौलारू शेड. आत टाक्याच नाहीत. मग लक्षात आलं की आपण टाक्यांवरच उभे आहोत. जमिनीत ओळीने लोखंडी झाकणं. खाली काँक्रीटच्या टाक्या आणि त्यांच्या भिंतींना आतून काचेच्या लाद्या. या भागातली ही जुनी पद्धत. वाइन जमिनीखाली राहिल्यामुळे उन्हाळ्यातही थंड राहते, काचेमुळे काँक्रीटची चव उतरत नाही, आणि लाकडाचा तर प्रश्नच येत नाही. आजोबांनी एक झाकण उघडलं, लांब काचेची नळी आत सोडली, वरून अंगठा दाबून वर काढली आणि माझ्या ग्लासात धार धरली. किंचित गढूळ. ओठांना बारीक चुणचुण.

ती चुणचुण आणि तो गढूळपणा, सगळी गंमत तिथेच आहे. द्राक्षरस आंबून झाला की यीस्ट मरतं आणि तळाशी साका बसतो. बहुतेक ठिकाणी वाइन त्या साक्यावरून काढून दुसऱ्या टाकीत घेतात. इथे निदान एक हिवाळा ती तशीच त्याच्यावर ठेवतात आणि पुढच्या वसंतात थेट तिथूनच बाटलीत भरतात. बाटलीवर ‘सुर ली’ (साक्यावर) असं लिहिलेलं असतं ते याचसाठी. मधे हलवाहलव नाही, त्यामुळे आंबताना तयार झालेला थोडा कार्बन डायऑक्साइड आतच राहतो. मेलेलं यीस्ट हळूहळू विरघळतं, त्याच्या पेशींमधली प्रथिनं आणि शर्करा वाइनमध्ये उतरतात. नुसता आंबट रस असता तो जरा गुबगुबीत होतो आणि पावाच्या कणकेसारखा वास धरतो. शिवाय साका हवेतला ऑक्सिजन शोषून घेतो, म्हणून वाइन ताजी राहते.

आजोबांना विचारलं, साका ढवळता का? “क्वचित. तो आपलं काम करतो, आपण आपलं करावं.” एवढं बोलून त्यांनी दुसरं झाकण उघडलं. त्यातली दोन वर्षं पडून असलेली. तिच्याबद्दल पुढच्या नोंदीत.

७ जून

दोन बाटल्या शेजारी शेजारी. एक क्लिसाँची, एक गोर्जची. गावं एकमेकांना लागून, चालत जाता येईल इतकी. दोन्ही ‘क्रू कॉम्युनाल’ या वरच्या दर्जाच्या.

हा दर्जा २०११ मध्ये आला, तेव्हा गावं तीनच: क्लिसाँ, गोर्ज आणि ल पाले. २०१९ मध्ये आणखी चारांची भर पडली, त्यातलं शातो-तेबो मला सर्वांत आवडतं. नियम कडक. हेक्टरी उत्पादन ४५ हेक्टोलिटरच्या वर नाही, आणि क्लिसाँ, गोर्जसाठी साक्यावर निदान २४ महिने. साधी सुर ली बाटलीत जाते तेव्हा या अजून टाकीत झोपलेल्या असतात.

क्लिसाँची जमीन ग्रॅनाइटची. वाइन रुंद, पिकलेल्या पेअरसारखी, थोडा सुक्या फळांचा वास. गोर्जखाली गॅब्रो नावाचा काळसर दगड आणि त्यावर चिकणमाती. वाइन अंग चोरून बसलेली, धुरकट, आंबटपणा ताठ. उघडल्यावर तासाभराने बोलायला लागली. गॅब्रोबद्दल एक सांगायला हवं. सह्याद्रीचा काळा बसाल्ट आणि हा गॅब्रो, घडण जवळजवळ एकच. बसाल्ट लाव्हारसातून जमिनीवर येऊन झटकन निवला, गॅब्रो खोल पोटात सावकाश निवला, म्हणून त्याचे स्फटिक मोठे. गोर्जच्या बांधावरचा दगड हातात घेतला तेव्हा तो जड, काळा स्पर्श अगदी ओळखीचा वाटला.

पण “दगडाची चव वाइनमध्ये उतरते” हे मला पटत नाही. मुळं काही ग्रॅनाइट खात नाहीत. जमीन पाणी किती धरते, वसंतात किती लवकर तापते, वेल किती माजतो, यातून फरक पडत असणार. चिकणमातीवरचं द्राक्ष उशिरा पिकतं आणि आंबटपणा राखतं. तेवढं कारण मला पुरेसं आहे. बागवाले मात्र दगडांची नावं देवांसारखी घेतात.

१२ जुलै

बुशो शिंपले बाजारात आले. समुद्रात रोवलेल्या लाकडी खांबांवर वाढवतात, आकाराने लहान, आत वाळू नाही. वेंगुर्ल्याचे आमचे शिणाणे यांच्या दुप्पट असतात, पण चवीला हे गोड.

मारिनिएर पद्धत: लोणी, बारीक चिरलेले एशालोत (छोटे जांभळट कांदे), पार्स्ली, ग्लासभर म्युस्कादे, झाकण, मोठा जाळ. शिंपले उघडले की उतरवायचे. पाच मिनिटंही लागत नाहीत. पातेल्यात ओतली तीच बाटली ग्लासात. साधी, गेल्या वर्षीची, सात युरोची. यात सुधारणा करण्यासारखं काही नाही. महाग बाटली इथे वाया जाते, कारण तळाच्या रशातच इतकं मीठ आणि लोणी असतं की नाजूक काही उरतच नाही.

क्रीम घातलेले शिंपले किंवा करी पावडरवाले शिंपले, जे इथे प्रत्येक बीचवर मिळतात, त्यांच्याबद्दल काही लिहीत नाही.

९ ऑगस्ट

मैत्रिणीच्या परसात कोळशावर सार्डिन. पोट न काढता, जाड मीठ लावून, सरळ जाळीवर. आपली तारली. इथल्या लोकांना या माशाचं कौतुक आहे आणि ते योग्यच आहे. सार्डिन डब्यात भरायचा उद्योग नांतमध्येच वाढला, जोझेफ कोलँ याने १८२४ मध्ये इथे कारखाना काढला.

कबूल करायला हवं, जळक्या कातडीच्या तेलकट सार्डिनपुढे साधी म्युस्कादे थोडी मवाळ पडली. शेजारीच ग्रो प्लाँ उघडली होती. ती याच भागातली, पण फोल ब्लाँश या द्राक्षाची, आंबटपणात म्युस्कादेची मोठी बहीण. दात आंबतील इतकी. तिने सार्डिनचं तेल सुरीसारखं कापलं. पण माझी अट म्युस्कादेची आहे. निर्णय: भाजलेली सार्डिन मेन्यूतून बाद, डब्यातली सार्डिन ठेवायची. डब्यातली मऊ असते, टोस्टवर खारं लोणी आणि तिच्यावर सार्डिन, याच्याशी सुर लीचं छान जमतं.

६ सप्टेंबर

तोडणी सुरू आहे. बहुतेक ठिकाणी यंत्राने, उंच पायांचं यंत्र वेलांच्या ओळीवरून चालत जातं. क्रूवाल्यांपैकी काही जण हाताने तोडतात. क्लिसाँच्या आजोबांकडे गेले होते. नाशिकच्या बागा माहीत असल्याने मी विचारलं, छाटणी वर्षातून कितीदा. ते हसले. एकदाच, हिवाळ्यात. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये तोडणी हे आमचं वेळापत्रक सांगितल्यावर म्हणाले, “मग तुमचा वेल झोपतो कधी?”

वेलाची झोप हा इथे जिवाचा विषय आहे. १७०९ च्या भयंकर हिवाळ्यात नांतच्या आसपासचे द्राक्षमळे गोठून मेले. त्यानंतर जी लागवड झाली तीत मलाँ पुढे आली, कारण तिला कडाका सोसतो. त्याच्याही आधीपासून डच व्यापाऱ्यांना इथून पांढरी, बेताच्या चवीची स्वस्त वाइन हवी असायची, ऊर्ध्वपातन करून ब्रँडी बनवायला. वासाचं कौतुक त्यांना नव्हतं. म्युस्कादेच्या कमी वासामागे ही दोन कारणं, एक हिवाळा आणि एक गिऱ्हाईक. गंमत अशी की त्याच काळात डचांची वखार वेंगुर्ल्यातही होती, १६३७ पासून. पडकी भिंत अजून उभी आहे, शाळेत असताना आम्ही तिथे खेळायला जायचो. तिथून ते काय नेत होते आणि इथून काय, याचा एकत्र हिशोब कधी तरी वाचायला हवा.

पण मलाँ हिवाळा सोसते आणि वसंतात मार खाते. तिला अंकुर लवकर फुटतात, आणि एप्रिलमधलं गोठलेलं दहिवर एका रात्रीत सगळं जाळतं. १९९१ मध्ये तसं झालं, मग २००८, मग २०२१. १९९१ चा फटका फक्त त्या वर्षापुरता राहिला नाही. माल कमी म्हणून भाव चढले, बाहेरचे खरेदीदार, विशेषतः इंग्लंडचे, दुसरीकडे वळले आणि भाव उतरल्यावरही बरेचसे परतले नाहीत. त्या आधी इंग्लंडमध्ये ही घराघरातली वाइन होती. सुपरमार्केटांना स्वस्त हवी, म्हणून पातळ माल बाटलीत गेला, आणि तो पिऊन ज्यांनी मत बनवलं त्यांची मुलंही आज तेच मत बाळगून आहेत. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तेरा हजार हेक्टरांच्या आसपास बागा होत्या. पुढे त्यातल्या बऱ्याच उपटल्या गेल्या. क्रूचा दर्जा मागण्याची चळवळ याच पडझडीतून उभी राहिली, टिकायचं तर चांगलं काही करायला हवं म्हणून.

२७ सप्टेंबर

तालांसाकच्या मंडईत सकाळी. कालवं.

आमच्याकडे ओहोटीला बायका खडकावर कोयत्याने कालवं फोडतात, आतला गर डब्यात जमा करतात, आणि तो कालवण होऊनच ताटात येतो. कच्चं खायचं हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला होता. आता उलट झालंय.

विक्रेत्याकडे तीन नंबरची घेतली. नंबर जितका लहान तितकं कालव मोठं, तीन म्हणजे मध्यम. हे सगळं कालव मूळचं जपानी जातीचं. इथलं पोर्तुगीज जातीचं कालव रोगाने संपलं, तेव्हा सत्तरच्या दशकात ही जात आणली. घरी जाड फडकं हातात घेऊन, आखूड सुरी बिजागरीपासून दोन बोटांवर घातली, मनगट फिरवलं. टक् असा आवाज येतो. वरची शिंपली सरकवून स्नायू कापायचा आणि पहिलं पाणी टाकून द्यायचं. दहा मिनिटांत कालव स्वतःच पुन्हा पाणी सोडतं. ते दुसरं पाणी स्वच्छ आणि बेताचं खारट असतं, खरी चव त्यात.

आता वाइन. याच वर्षी बाटलीत भरलेली साधी सुर ली ही इथे सर्वांत बरोबर. कालवाचा खारटपणा वाइनचा आंबटपणा मऊ करतो, वाइनमुळे कालवाचा गोडवा वर येतो, आणि ती बारीक चुणचुण जीभ धुऊन पुढच्या कालवासाठी मोकळी करते. क्लिसाँ उघडून पाहिली, ती कालवावर बसली. चांगली होती, पण कालव हरवलं.

एक गोष्ट मेन्यूकार्डावरच लिहिणार आहे: एशालोत घातलेलं व्हिनेगर टेबलावर नसेल. फ्रेंच पाहुणे कुरकुरतील. पण व्हिनेगरनंतर कोणतीही वाइन पाण्यासारखी लागते. लिंबूही नको, लिंबाचं काम ग्लासात आहेच. राईचा पाव आणि गेरांदच्या मिठाचं लोणी, बस्स.

४ ऑक्टोबर

१ तारखेपासून साँ-जाक शिंपल्यांचा हंगाम खुला झाला. पंख्यासारखी मोठी शिंपली, आत पांढरा जाड गोळा. कडक तापलेल्या तव्यावर दोन्ही बाजूंनी मिनिट-दीड मिनिट. बाहेर खरपूस, आत अर्धवट. खाली माश हे नांतचं कोवळं हिरवं पान, अक्रोडाच्या तेलात जेमतेम माखलेलं.

यावर शातो-तेबो. शिंपल्याच्या खरपूस गोडीला साक्यावर राहिलेल्या वाइनचा पावासारखा वास भेटतो.

जेवताना नवऱ्याने, प्रयोग म्हणून, त्याच्या ग्लासात लाल वाइन ओतली आणि तोंड वेडंवाकडं केलं. धातूसारखं, शिळ्या मासळीसारखं काहीतरी. याला शास्त्र आहे. २००९ मध्ये जपानी संशोधकांनी सुकवलेल्या शिंपल्यांबरोबर बऱ्याच वाइन तपासल्या आणि दोष लोहाचा निघाला. वाइनमध्ये लोह जास्त असेल तर मासळीचा उग्र वास उफाळतो. लाल वाइनमध्ये ते जास्त सापडतं, पण काही पांढऱ्यांतही असतं. म्हणजे “माशाबरोबर पांढरी” हा नियम आंधळा नाही, फक्त कारण रंगात नाही.

१८ ऑक्टोबर

आज आपली बाजू. मराठी मंडळी येणार आणि टेबलावर सगळं लोण्यातलं, असं चालायचं नाही.

तिसऱ्यांचं सुकं केलं. इथे ‘पालुर्द’ नावाने मिळतात, जरा मोठ्या. कांदा, ओलं खोबरं, हळद, मालवणी मसाला निम्मा, दोन आमसुलं. गोर्ज आणि साधी सुर ली, दोन्ही उघडून ठेवल्या. पहिला मुद्दा तिखटाचा. तिखटावर चौदा-साडेचौदा टक्क्यांची वाइन प्यायली तर तोंडात आग भडकते. बारा टक्क्यांची, गार, तशी भडकवत नाही, आणि लाकडी पिंपाचा तुरटपणाही मध्ये येत नाही. दुसरा मुद्दा आमसुलाचा. जेवण वाइनपेक्षा आंबट झालं की वाइन बेचव होते. एक आमसूल कमी केल्यावर गोर्ज उभी राहिली. खोबऱ्याची स्निग्ध गोडी साध्या सुर लीला पेलवली नाही, पातळ पडली. चोवीस महिने साक्यावर काढलेल्या गोर्जला पेलवली.

रव्यातला तळलेला बांगडा (इथला बांगडा थोडा वेगळा, पाठीवर पट्टे, पण बिरादरी तीच): साधी सुर ली, उत्तम. तळणाला आंबट आणि चुणचुणीत काहीही चालतं.

लाल तिखट आमटी: नाही. भिड न ठेवता नाही. लाल मिरची, चिंच आणि तिरफळ एकत्र आल्यावर या वाइनला काही बोलायलाच उरत नाही. त्या आमटीला पाणी लागतं आणि भात.

आईशी फोनवर बोलणं झालं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “बांगड्यावांगडा दारू? आणि सोलकढी खंय गेली गो?” सोलकढीत लसूण असते, त्यावर वाइन प्यायली तर दोन्ही फुकट, असं सांगून पाहिलं. “मग दारू सोड,” म्हणाली. तिचा मुद्दा तिखट आमटीपुरता मला मान्य आहे.

१ नोव्हेंबर

बर ब्लाँ. मुख्य पदार्थ यावर उभा आहे, म्हणून आज तालीम.

हे लोण्याचं सार नांतच्या शेजारचं. लुआरकाठच्या ला शबुएत या वस्तीत क्लेमाँस लफव्र या बाईंनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते पहिल्यांदा केलं असं इथे सांगतात. बेआर्नेज सॉस करताना अंड्याचा बलक घालायचा राहून गेला आणि हे जन्मलं, अशी आख्यायिका. खरी असो-नसो, कृती मात्र खरोखरच बलक वगळलेल्या बेआर्नेजसारखी आहे.

तीन एशालोत अगदी बारीक. त्यात म्युस्कादे आणि थोडं व्हिनेगर. मंद आचेवर आटवायचं, तळाशी चमचाभर ओलं राहीपर्यंत. मग फ्रिजमधून काढलेलं गार लोणी, चौकोनी तुकडे, एकेक. आच इतकी कमी की बोट लावता यावं. रवीने (व्हिस्कपेक्षा माझी रवीच बरी चालते) सतत हलवायचं. एक तुकडा पूर्ण विरघळायच्या आत पुढचा टाकायचा. लोणी वितळून तूप झालं तर संपलं, मलईसारखं पांढरट एकजीव राहिलं पाहिजे. उकळी तर औषधालाही नको.

मासा ‘सांद्र’ नावाचा, नदीतला, पांढऱ्या घट्ट मांसाचा. पूर्वी पाइक घेत, पण त्याचे काटे काढता काढता पाहुणे रडतील. नुसता वाफवायचा, मीठ, आणि वर हे सार.

इथे क्लिसाँ, सात-आठ वर्षं जुनी. एवढ्या लोण्यापुढे तरुण वाइन लिंबासारखी लागते, टोकदार आणि एकटी. जुन्या क्लिसाँला स्वतःचं अंग आहे, मेणाचा, सुक्या जर्दाळूचा वास आहे, आणि आंबटपणा अजून शाबूत. मलाँमधलं मॅलिक आम्ल इथे बहुतेक जण मोडू देत नाहीत, तसंच राखतात, म्हणून ती वर्षानुवर्षं ताठ राहते. म्युस्कादे वर्षभरात संपवावी असं सांगणाऱ्यांना या एका घासाला बसवायला हवं.

१५ नोव्हेंबर

खरेदी झाली. साधी सुर ली सात-आठ युरोला, क्रू पंधरा-अठराच्या घरात. जुनी क्लिसाँ आजोबांनी त्यांच्या खाजगी फळीवरून दिली आणि पैसे नवीनचेच घेतले. शाब्ली या नामांकित पांढऱ्या वाइनची, चांगल्या मळ्याची, एक बाटली घ्यायला गेले असते तर या दोन क्रू तिथेच गेल्या असत्या.

तापमान: साधी ९ अंशांवर, क्रू १२ वर. फ्रिजमधून थेट ओतली तर क्रू मुकी राहते, तासभर आधी बाहेर काढायच्या. गोर्ज तर जगमध्ये ओतून ठेवायची. ग्लास साधे, पण पोट मोठं असलेले.

गोडाला वाइन नाही. गातो नांते करते आहे, बदाम, लोणी आणि रमचा केक. त्यातली रम आणि साखर कॅरिबियन बेटांवरून या बंदरात आली, आणि त्या व्यापाराचं गुलामांच्या जहाजांशी काय नातं होतं ते नदीकाठच्या स्मारकावर लिहिलेलं आहे. केकबरोबर कॉफी. गोडापुढे कोरडी म्युस्कादे ओढूनताणून बसवण्यात अर्थ नाही.

३० नोव्हेंबर

काल पार पडलं. कोणी चीजपर्यंत तक्रार केली नाही, मग एकाने केली.

डब्यातली सार्डिन आणि मुळ्याबरोबर सुर ली, सगळ्यांनी उभ्याउभ्या संपवली. कालवं: व्हिनेगर मागितलं गेलंच. मी नाही म्हटलं. आमच्या मंडळींपैकी दोघांनी आयुष्यातलं पहिलं कच्चं कालव खाल्लं, एकाने दुसरं मागितलं, दुसऱ्याने हात जोडले. साँ-जाक आणि शातो-तेबो शांतपणे गेलं. तिसऱ्या-गोर्ज मात्र फ्रेंच पाहुण्यांनी उचलून धरली. एक बाई दोनदा विचारून गेल्या की हे आंबट काळं फळ कोणतं. आमसुलाची पुडी बांधून दिली.

बर ब्लाँ फुटलं नाही. सहकाऱ्याने क्लिसाँ प्यायली, लेबल फिरवून वाचलं, वर्ष पुन्हा वाचलं. “ही म्युस्कादे?” मग त्याने मला बागवाल्याचा पत्ता मागितला, आणि त्याच्या आईच्या घरापासून ते चार किलोमीटरवर आहे हे मला सांगितलं.

तक्रार चीजवर. क्युरे नांते हे इथलं धुतलेल्या सालीचं, वासाला जबर चीज. त्यापुढे जुनी क्लिसाँसुद्धा कडवट झाली, हे मलाही जाणवलं. शेजारी ठेवलेला जुना काँते मात्र तिच्याशी सुंदर जमला, दोघांतही तो अक्रोडासारखा खमंगपणा. सहकाऱ्याला क्युरेसाठी लाल हवी होती. मी उठले नाही, पण पुढच्या वेळी क्युरे यादीत नसेल. बकरीच्या दुधाचं ताजं चीज आणि साधी सुर ली ही जोडी करून बघायची राहिली आहे.

गोर्जच्या दोन बाटल्या उरल्या. त्या २०३० च्या आधी उघडायच्या नाहीत, बुचाशी चिठ्ठी बांधून आडव्या ठेवल्या आहेत. आजोबांना फोन केला, त्यांनी विचारलं की बांगडा कशात तळला. रव्यात म्हटलं. ते कसं करतात, विचारत होते. मार्चमध्ये नवीन सुर ली बाटलीत भरायला सुरुवात झाली की जाईन, तेव्हा पाव किलो रवा आणि हळद घेऊन जायची आहे.